दोन महायुद्धांमधील जहाजभाडे : एका बाजारचक्राचा परिचय

प्रास्ताविक : मागणी-पुरवठ्याचा नियम विद्यार्थी पाठ करतात, परंतु दर पुन्हा पुन्हा का चढतात व का पडतात, हे त्यांना सहज उमगत नाही. पांढुर्णा व सौंसर भागातील विद्यार्थ्यांना ते संत्र्यावरून सांगता येते. भाव चढला की नव्या बागा लागतात. झाडे चार-पाच वर्षांनी फळावर येतात, तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येऊन भाव पडतो. जहाजाचेही तसेच आहे. ते बांधायला वेळ लागतो आणि बांधले की वीस-पंचवीस वर्षे चालते.

तेजी आणि मंदी : पहिल्या महायुद्धात असंख्य जहाजे बुडाली व भाडे भडकले. त्यामुळे नवी जहाजे बांधण्याचा सपाटा लागला. १९१४ साली जगातील जहाजांची क्षमता सुमारे ४.९ कोटी टन होती. १९२० साली ती ५.७ कोटींवर गेली. त्याच वर्षी भाडे कोसळू लागले.

भारतीय उदाहरण : सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये, ऐन तेजीत, सिंधिया कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. पुढे मंदी आली आणि बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडेकपातीचे युद्ध पुकारले. अखेर १९२३ च्या करारानुसार सिंधियाला दहा वर्षांसाठी किनारी मालवाहतूक आणि ७५,००० टनांची मर्यादा स्वीकारावी लागली. मोठी गंगाजळी असलेला मंदीत तग धरतो. नवख्याला शरण जावे लागते.

महामंदी : तोडणीचा खर्चही निघेना तर बागाईतदार फळ झाडावरच सोडतो. तसेच कोळसा व खलाशांचा पगार निघेनासा झाल्यावर मालक जहाज नांगरून ठेवतो. १९३२ च्या सुमारास अशी जवळपास १.४ कोटी टन जहाजे रिकामी उभी होती. भाडे स्वस्त होते, पण कापूस पिकविणाऱ्याला त्याचा आनंद नव्हता. कारण मालाला गिऱ्हाईक नव्हते म्हणूनच भाडे पडले होते.

समारोप : आजचा भाव पाहून उद्याच्या उत्पादनाचा निर्णय घेतला जातो, हे या चक्राचे मूळ आहे. विद्यार्थ्यांना प्रथम एवढेच विचारावे : तुमच्या शेजाऱ्यांनीही आज हाच विचार केला असेल, तर पाच वर्षांनी काय होईल?