टीडीएसचा पेन अर्धंच सांगतो : नाल्याचं पाणी शेताला द्यावं का?

आजच्या एपिसोडचं कारण मामांचा मेसेज. त्यांचं शेत अकोल्याच्या खाली, मोर्णेच्या काठी. विहीर आटली, पण शहराच्या सांडपाण्यामुळे नदीला मे महिन्यातही धार आहे. त्यांनी टीडीएस पेनचा फोटो पाठवला अन् विचारलं, "बाबू, 640 आला. सोडू काय पाणी?"

मोह साहजिक आहे. सांडपाण्यात नत्र, स्फुरद असतं, म्हणजे खत फुकट! पण हा पेन एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, ते सांगत नाही.

समजा दोन बाटल्या आहेत. दोन्हींत सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून लिटरला 10 मिलीइक्विव्हॅलंट. पहिलीत सोडियम 2, बाकी दोघं मिळून 8. दुसरीत सोडियम 8, बाकी 2. पेनवर दोन्हींचा आकडा साधारण सारखाच येईल. आता कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेची निम्मी करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याने सोडियमला भागा. याला एसएआर म्हणतात. पहिली बाटली 1, दुसरी थेट 8!

1954 च्या अमेरिकी तक्त्यात 10 पर्यंत सोडियमचा धोका कमी धरलाय. पण आपली माती काळी, चिकण. सोडियम वाढला की तिचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पावसाचं पाणी मुरतच नाही. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे दुखणं आधीपासूनच आहे. त्यात धुण्याच्या पावडरीतला सोडियम नाल्यातून येतो. तिथे 8 सुद्धा जड जातं.

दुसरी गोष्ट, जंतू. ते पेनला दिसतच नाहीत. कच्च्या खायच्या भाजीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 1989 ची मर्यादा होती : 100 मिलीलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 1000 पर्यंत, आणि लिटरमागे जंताचं जास्तीत जास्त एक अंडं. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यात हे जिवाणू लाखो-कोटींनी असतात. कपाशी कोणी खात नाही, हे खरं. पण पाणी देणारा माणूस त्याच चिखलात अनवाणी उभा असतो.

म्हणून मामांना सांगितलं : पालक-कोथिंबिरीला अजिबात नको. पऱ्हाटीचं नंतर ठरवू. आधी पाणी आणि माती, दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत द्या. एसएआरसोबत कार्बोनेट, बोरॉन, जड धातूही तपासायला सांगा. अन् तोवर त्या पाण्यात उतरायचंच झालं, तर गमबूट घाला.