चिठ्ठीवरचे प्रश्न

नेवाशाच्या व्याख्यानमालेत जुन्या विनोदी नटाची प्रकट मुलाखत आहे म्हटलं की सतरंज्या कमी पडतात. मुलाखतकार प्रश्न लिहून आणतात आणि पाहुण्यांनी त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं आधीच गावोगाव दिलेली असतात. कार्यक्रमाला रंग चढतो तो श्रोत्यांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या की. त्या गोळा करून, लावून माईकपर्यंत पोचवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

चिठ्ठी कशावरही येते. वहीचं अर्धं पान, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, उसाच्या वजनपावतीची पाठ. ‘घरीपण असंच हसवता का?’ हा प्रश्न दरवर्षी असतो. ‘पहिल्या प्रयोगाचे किती मिळाले?’, ‘घरात कोणी गेलं त्या दिवशी प्रयोग केलाय का?’ हेही असतात. संयोजक कानाशी येऊन सांगतात, पैशाचं आणि घरचं काही विचारू नका, पाहुण्यांना बरं वाटणार नाही. मी नेमक्या त्याच चिठ्ठ्या वर ठेवतो. नटाबद्दल गावाला खरं कुतूहल असतं ते हेच, की हा माणूस पोट कसं भरत होता आणि दुःखात हसवत कसा होता.

मराठी विनोदाचा इतिहास पाहिला तर या प्रश्नांना लाजण्याचं कारणच नाही. राम नगरकर केशकर्तनालयातून आले. ‘रामनगरी’ हे आत्मकथन त्यांनी लिहिलं आणि त्याचाच एकपात्री प्रयोग करत ते गावोगाव फिरले. दुकान, जात, गरिबी, बायको, फजिती सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दादा कोंडके अपना बाजारमध्ये नोकरीला होते. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. तिघेही राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झाले. तिथे पडदा, नेपथ्य यांचे लाड नव्हते. समोर गाव बसलेलं आणि त्यातून कोणी काही बोललं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा रोज नवं काही घालायचे, तो हजरजबाबीपणा याच तालमीतला.

त्याच्याही मागे जायचं तर तमाशाचा सोंगाड्या. गौळणीत पेंद्या आणि मावशी एकमेकांची उलटतपासणी घेतात. वगात राजाला ‘हे असं का?’ म्हणून विचारणारा सोंगाड्याच असतो आणि प्रेक्षकातून आवाज आला तर झेलणाराही तोच. आमचा नगर जिल्हा या कलेचं माहेर आहे. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडातली नर्तकी पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची.

प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोन्ही खुर्च्या शोभवणारा आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे पु. ल. देशपांडे. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं. त्या पडद्यावर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पुलंनी. ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करणाऱ्या या माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकण्याचीही तेवढीच हौस होती. म्हणूनच त्यांच्या व्यक्तिचित्रांतली माणसं आपापल्या बोलीत बोलतात. आणि पैशाच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तर सगळ्यांसमोर आहे: मिळकतीतला मोठा वाटा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमधून समाजाकडे परत गेला. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं, त्यालाही पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांचा हातभार लागला.

ऐकण्याची ही हौस मी जवळून पाहिली ती आमच्याच मंडपात. पाहुणे रंगभूमीवर आयुष्य घालवलेले, पुढे दुसऱ्यांच्या मुलाखतीही घेणारे. चिठ्ठी होती, ‘लोक हसलेच नाहीत तर काय करता?’ त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, “कोणाची ही?” मागून एक जण उठले, लग्नात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे.

“भाऊ, वरात नाचत नसली तर तुम्ही काय करता?”

“चाल बदलतो.”

“तरी नाही नाचली तर?”

“मग नवरदेवाच्या मामापुढं जाऊन वाजवतो. मामा हलला की वरात हलते.”

मंडप हसला. पाहुणे मात्र पुढे सरकून बसले होते. “मीपण मामाच शोधतो,” ते म्हणाले. “तिसऱ्या-चौथ्या रांगेत असतो. पहिल्या रांगेतले मानाचे, ते हसताना आजूबाजूला बघतात. एकदा तो सापडला की पुढची दहा वाक्यं मी त्याच्यासाठीच बोलतो.”

विनोदावरच्या कुठल्याही व्याख्यानात मी इतकं नेमकं ऐकलेलं नाही. त्यांनी क्लॅरिनेटवाल्यांना खाली बसू दिलं नाही. पावसाळ्यात काय करता, हेही विचारलं. मुहूर्त संपले की दुसऱ्याच्या शेतात कामाला जातो, असं उत्तर आलं. तेव्हा पाहुण्यांनी आपल्या पावसाळ्यांचा हिशेब मांडला: थांबलेले दौरे, उधारीवरचं रेशन, बायकोच्या नोकरीवर चाललेलं घर. मघाशी ‘पहिल्या प्रयोगाचे किती मिळाले’ला दोन वाक्यांत उत्तर देणारा माणूस आता आकडे सांगत होता, कारण समोरचाही तसेच दिवस काढणारा होता.

या गावाला संवाद नवा नाही. शके १२१२ मध्ये इथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अर्जुनाला शंका येते म्हणून तो ग्रंथ पुढे सरकतो, आणि ज्ञानेश्वर जागोजाग श्रोत्यांशी बोलतात. मग आमच्या संयोजकांनी शेवटची दहा मिनिटं ‘वेळ उरला तर’ म्हणून श्रोत्यांना का द्यावीत? पुढच्या मालेसाठी मी मंडळाला लेखी कळवलं आहे: ठरलेले प्रश्न अर्धा तास, चिठ्ठ्या एक तास, आणि फिरता माईक मागच्या रांगेपासून सुरू करायचा.