घरातले श्वासयंत्र आणि रात्रीची राखण

श्वासाचे यंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळच उभे राहते. पण आज हे यंत्र घरात, खाटेशेजारच्या स्टुलावर, पाण्याच्या तांब्याला खेटून बसलेले असते. डुशेन ह्या विकाराने स्नायू झिजत चाललेला मुलगा, एएलएस ह्या मज्जाविकाराने लुळे होत चाललेले गृहस्थ, अशी माणसे रात्री नाकातोंडावर मास्क बांधून त्याच्या आधाराने झोपतात. यंत्र आणले की चिंता मिटली, असे घरच्यांना वाटते. आमच्या मते खरे काम तेथून सुरू होते. कारण यंत्र चालू आहे एवढ्यावरून श्वास पुरतो आहे असे ठरत नाही.

श्वासाची कामे दोन: प्राणवायू आत घेणे आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकणे. ह्या रुग्णांची फुप्फुसे पुष्कळदा धड असतात. दुबळा झालेला असतो तो भाता. मग कर्बवायू रक्तात साठू लागतो, आणि आरंभ होतो तो रात्री. स्वप्ने पडतात त्या झोपेत इतर स्नायू सैल पडतात. छाती व पोट यांमधले श्वासपटल तेवढे राबते. तेच थकलेले असले तर मदतीला कोणी उरत नाही. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, रात्री दचकून जागे होणे ही त्याची लक्षणे. घरात त्यांची बोळवण 'अशक्तपणा' ह्या एका शब्दात होते.

कर्बवायू किती फसवा आहे हे १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत दिसले. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण प्राणवायू मिळत असताना दगावत होते. अंग निळे नाही, पण घाम सुटलेला, रक्तदाब चढलेला. रक्तात बायकार्बोनेट वाढलेले पाहून डॉक्टरांना वाटे, हा काही अल्कलीचा विकार असावा. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ओळखले, की हा साठलेला कर्बवायू आहे. त्यांनी गळ्यातून नळी घालून रबरी पिशवीने हातानेच श्वास देवविला. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यू झपाट्याने घटले.

तीच फसगत आज घरात होऊ शकते. बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, २०२० च्या साथीपासून सर्वांच्या परिचयाचा झाला. तो केवळ प्राणवायू सांगतो. साध्या हवेवर असलेल्या रुग्णाचा आकडा रात्री वारंवार घसरला, तर श्वास अपुरा पडतो आहे ही उपयुक्त सूचना होय. पण धाप लागते म्हणून कोणी प्राणवायूचा सिलिंडर जोडला, की आकडा ९७ दाखवील आणि आत कर्बवायू चढतच राहील. म्हणून अशा रुग्णाला वरून प्राणवायू द्यायचा झाल्यास कर्बवायू मोजण्याचा आग्रह नातेवाइकांनीही धरावा. धमनीतील रक्तात तो साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. सुई न टोचता रात्रभर माग काढायचा तर कानाच्या पाळीवर किंवा छातीवर किंचित तापवलेला संवेदक चिकटवतात. तो नीट जुळवलेला नसला तर आकडा सरकतो, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्रालाही स्मरणशक्ती असते. किती तास वापरले, दर श्वासाला किती हवा दिली, किती हवा गळाली, हे ते टिपून ठेवते. काही यंत्रे ते दूरच्या डॉक्टरांकडे धाडतात. गळतीकडे विशेष पाहावे. झोपेत जबडा पडतो, हवा तोंडावाटे निघून जाते आणि यंत्र मात्र इमानाने घुमत राहते.

वीज जाते त्या गावी बॅटरी आणि हाताने दाबायची पिशवी जवळ हवीच. शिवाय ज्याला हात उचलून मास्क काढता येत नाही, त्याच्या बोटाखाली किंवा गालाशी दाबता येईल अशी घंटा बसवावी, आणि ती शेजारच्या खोलीत ऐकू जाते की नाही हे दार लावून पाहावे.