आखाड्यावरचे कुत्रे आणि मालकीचा प्रश्न : लेखांक पाचवा

कुत्र्यांविषयीचे नियम, नगरपालिकांच्या सूचना आणि वृत्तपत्रांतील वाद यांत कुत्र्यांचे दोनच प्रकार गृहीत धरलेले आढळतात : पाळीव आणि भटके. मागील लेखांकात शहरी घरांत वाढणाऱ्या जातिवंत कुत्र्यांचा विचार झाला आणि ते या विभागणीत सहज बसत होते. परभणी, पाथरी, जिंतूर किंवा पालम तालुक्याच्या शिवारात मात्र ही विभागणी अपुरी पडते, कारण तेथील कुत्र्यांचा मोठा भाग कोणाच्या तरी आखाड्यावर राहतो, ठरावीक माणसांच्या हातची भाकरी खातो, परक्या माणसावर धावून जातो आणि तरीही त्याचा मालक कोण असे विचारले असता ‘तो इथलाच आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. आखाडा म्हणजे मराठवाड्यात शेतातील ती जागा, जेथे बैल, म्हशी, कडबा, अवजारे आणि पुष्कळदा सालगड्याचे कुटुंब एकत्र नांदते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये श्वानसंख्येच्या व्यवस्थापनाविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत कुत्र्यांची विभागणी मालकीच्या कागदावरून केलेली नाही. कुत्रे अन्न-निवाऱ्यासाठी माणसावर किती अवलंबून आहे आणि त्याच्या वावरावर माणसाचे किती बंधन आहे, या दोन कसोट्यांवरून तेथे चार गट पाडले आहेत. सर्वस्वी अवलंबून आणि सर्वस्वी बंधनात असलेले ते बंदिस्त कुत्रे, सर्वस्वी अवलंबून पण अंशतःच बंधनात असलेले ते कौटुंबिक कुत्रे, अंशतः अवलंबून आणि बहुतांशी मोकळे ते वस्तीचे कुत्रे, आणि माणसाकडून थेट काहीही न घेणारे ते रानटी झालेले कुत्रे. आखाड्यावरचे कुत्रे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांच्या सीमेवर वावरते, आणि वर्षाच्या काळानुसार ते या सीमेच्या कधी अलीकडे तर कधी पलीकडे जाते, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय.

काळानुसार असे म्हणण्याचे कारण शेतीच्या व्यवस्थेत आहे. सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून पुढील पाडव्यापर्यंतचा असतो. पाडव्याला गडी बदलला की त्याचे कुटुंब, भांडीकुंडी आणि कोंबड्या दुसऱ्या आखाड्यावर जातात, पण कुत्रे बहुधा जागेवरच राहते, आणि नवा गडी त्याला भाकरी घालील की दगड मारील हे नव्या माणसाच्या स्वभावावर सोडलेले असते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो, कारण कुत्रे गाडीत चढवून नेले तर ते फडावर परके ठरते आणि मागे ठेवले तर चार-पाच महिने शेजाऱ्यांच्या मर्जीवर जगते. शेतमालकाच्या दृष्टीने ते गड्याचे कुत्रे असते, गड्याच्या दृष्टीने ते आखाड्याचे असते, आणि ते कोणाला चावले की दोघांच्याही दृष्टीने ते भटके होते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा या बाबतीत लोकव्यवहारापेक्षा अधिक शहाणा आहे, असे म्हणावे लागेल. त्याच्या व्याख्येनुसार ‘मालक’ या संज्ञेत प्रत्यक्ष मालकाबरोबरच, त्या वेळी ज्याच्या ताब्यात वा देखरेखीखाली प्राणी असेल अशी कोणतीही व्यक्ती येते, मग मूळ मालकाची त्याला संमती असो वा नसो. आणि कलम ३ प्रमाणे प्राण्याची देखरेख करणाऱ्या प्रत्येकावर त्याचे हित जपण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ हेही मालकीपेक्षा ताब्याला महत्त्व देते. ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला वा शरीराला संभवणारा धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे, ज्याच्या राखणीसाठी कुत्रे ठेवले आहे तो केवळ विकत घेतल्याची पावती नाही म्हणून जबाबदारीतून सुटेलच असे नाही.

याच १९६० च्या कायद्यात साखळीविषयी दोन स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि त्या आखाड्याला थेट लागू पडतात. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अथवा दोरीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. तसेच नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा वेगळा अपराध आहे. दुसऱ्या तरतुदीत कुत्र्याचा नावाने उल्लेख व्हावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. पहिल्यांदा घडलेल्या अपराधासाठी मात्र दंड आजही दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे, आणि एवढ्या रकमेसाठी पंचनामा लिहिण्याचा उत्साह कोणत्या ठाण्याने दाखवावा, हा प्रश्नच आहे. याउलट, प्राण्याला ठार मारून, विष घालून किंवा निकामी करून आगळीक करणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे रोजच्या हेळसांडीच्या क्षेत्रात, कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही.

प्राणिकल्याण ही संकल्पना नेमकी याच क्षेत्रासाठी घडवली गेली. तिचा उगम ब्रिटनमध्ये कोंडून पाळल्या जाणाऱ्या जनावरांच्या स्थितीविषयी १९६५ साली सादर झालेल्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालात आहे, आणि त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ या नावाने ओळखली जाणारी मांडणी तयार झाली : भूक व तहान यांपासून, अस्वस्थतेपासून, वेदना-इजा-रोग यांपासून, भीती व मानसिक ताण यांपासून मुक्तता, आणि स्वजातीला साजेसे वर्तन करण्याची मोकळीक. बैलगाडा शर्यती आणि जल्लिकट्टू यांच्याविषयी ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पाच स्वातंत्र्ये भारतीय कायद्याच्या संदर्भात स्वीकारली. प्राण्यांच्या हक्कांचा पुरस्कार करणारे विचारवंत माणसाने प्राणी वापरावाच का, असा मूळ प्रश्न विचारतात. कल्याणवादी भूमिका वापर मान्य करून त्याच्या अटी ठरवते. राखणीचे कुत्रे हे कामाचे जनावर असल्याने येथे दुसरीच भूमिका उपयोगी पडते.

या कसोटीवर परभणीतील साखळी तपासली असता पहिला मुद्दा उन्हाचा निघतो. मे महिन्यात येथील तापमान ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे राहिलेले नाही. कुत्र्याच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान ३८ ते ३९.२ अंश असते आणि घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येत असल्याने शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे प्रमुख साधन म्हणजे धापा टाकणे. मोकळे कुत्रे दुपारी स्वतःहून कडब्याच्या गंजीखाली, मोटारीच्या पाण्याने ओल्या झालेल्या दंडात किंवा लिंबाखाली खड्डा उकरून बसते. बांधलेल्या कुत्र्याला सकाळची सावली दुपारी सरकून गेल्यावर तिच्यामागे जाता येत नाही, आणि पत्र्याच्या भिंतीजवळ बांधलेले असेल तर त्याला वरून आणि बाजूने दोन्हीकडून धग लागते. दिवसा मोकळीक आणि रात्री राखण अशी जी जुनी वहिवाट पुष्कळ आखाड्यांवर आहे, ती तापमानाच्या दृष्टीने योग्य आहे. मात्र मोकळ्या कुत्र्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलांना होणारा धोका तिने वाढतो, हेही नाकारता येत नाही. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर कडीने सरकणारी दोरी बांधली आणि एका टोकाला सावली व पाणी राहील अशी व्यवस्था केली, तर हा पेच बऱ्याच अंशी सुटतो, आणि त्याला खर्चही नाममात्र येतो.

आहाराविषयीचा वाद अधिक मनोरंजक आहे. ज्वारीची भाकरी कुत्र्याला अपायकारक असून त्याचा पूर्वज लांडगा असल्याने त्याने मांसच खावे, असे मत अलीकडे शहरांतून खेड्यांकडे सरकत आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे मत बरेच सैल केले. पिष्टमय पदार्थ पचविण्यासाठी लागणारे अमायलेझ हे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यांत त्या कितीतरी अधिक आढळल्या. माणसाच्या धान्यावर जगण्याची क्षमता कुत्र्याने माणसाच्या सहवासातच मिळवली, असा त्याचा अर्थ आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले आणि लोह व जस्त यांनी समृद्ध असे ‘परभणी शक्ती’ हे वाणही २०१८ मध्ये पुढे आणले. त्या ज्वारीची भाकरी कुत्र्याच्या पोटाला परकी नाही. तथापि केवळ भाकरीवर प्रथिनांची गरज भागत नाही, विशेषतः वाढत्या पिलाची आणि पाजत्या कुत्रीची, म्हणून अंडे, मासळी किंवा उकडलेले मांस यांची जोड आवश्यक ठरते. दुधाने अनेक प्रौढ कुत्र्यांना जुलाब होतात, कारण दुग्धशर्करा पचविण्याची क्षमता वयाबरोबर घटते. ताक त्या मानाने सोसते. कांदा आणि लसूण मात्र कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे उरलेले झणझणीत कालवण भाकरीवर ओतून ते कुत्र्यापुढे ठेवण्याची सवय अपायकारक आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा सर्वश्रुत आहे, आणि नामदेवांशी जोडलेले नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते; भूतदयेचा तो आदर्श निर्विवाद असला तरी तुपाच्या बाबतीत आजचा पशुवैद्यक वाटी लहान घ्या असेच सांगेल.

मालकी अस्पष्ट राहण्याची सर्वांत मोठी किंमत रेबीजच्या बाबतीत मोजावी लागते. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो, परंतु चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे, लसीच्या सर्व मात्रा वेळेवर पूर्ण करणे आणि जखम खोल असल्यास तीत प्रतिपिंडांचे इंजेक्शन देणे, एवढ्याने तो टाळता येतो. जखमेवर तिखट किंवा चुना भरल्याने केवळ हा वेळ वाया जातो. चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्याला आधार असा की ज्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरला आहे ते साधारणपणे या मुदतीत आजारी पडून मरते. कुत्रे कोणाचेच नसेल तर ही नजर ठेवणार कोण?

आखाड्यावर या रोगाचा आणखी एक मार्ग आहे, ज्याची शहरी चर्चेत दखलही घेतली जात नाही. पिसाळलेले कुत्रे रात्री गोठ्यात शिरून बैलाला किंवा म्हशीला चावते, चाव्याची खूण केसांत दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जनावर लाळ गाळू लागते, हंबरत राहते, त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असावे या समजुतीने शेतकरी त्याच्या तोंडात हात घालतो, आणि खरा धोका येथे असतो. असे जनावर दुभते निघाले की त्याचे दूध प्यालेली सारी वाडी लस घेण्यासाठी दवाखान्यात धाव घेते. वास्तविक उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही.

भटक्या कुत्र्यांविषयीचा कायदेशीर वाद या पार्श्वभूमीवर वेगळा दिसतो. १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेले प्राणी जन्मनियंत्रण नियम, पकडलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री कायमची निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना परत सोडण्यास सांगितले आणि प्रश्नाची व्याप्ती देशभर नेली, तर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले. या साऱ्या आदेशांचा रोख रस्त्यावर आहे. रस्त्यावरील संख्येत भर घालणारा एक झरा मात्र पाळणाऱ्यांच्या दारातूनच वाहतो. आखाड्यावरील कुत्री व्याली की नर पिले मागून नेली जातात आणि माद्या पोत्यात घालून बाजारतळाजवळ किंवा ढाब्यामागे सोडल्या जातात. उपासमार ओढवेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हाही १९६० च्या कायद्याखाली अपराधच आहे, परंतु त्या माद्या पुढच्याच वर्षी ‘भटक्या’ म्हणून मोजल्या जातात.

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे, म्हणजे शस्त्रक्रियेचे ज्ञान जिल्ह्याला परके नाही. अडचण आखाड्यापर्यंत पोहोचण्याची आहे, आणि तिथवर जाणारी एक वाट आधीच पडलेली आहे. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून लाळ्या-खुरकूत रोगाची लस सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जनावरांना टोचली जाते आणि प्रत्येकाच्या कानाला बारा अंकी बिल्ला लावून नोंद केली जाते. पशुधन पर्यवेक्षक शीतपेटी घेऊन शिवारातील गोठ्यापर्यंत जातो, बैलाला आणि म्हशीला सुई टोचतो, आणि कुत्र्याचे नाव त्या कार्यक्रमात नसल्याने पुढच्या आखाड्याकडे वळतो. रेबीजची लसही त्याच २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते, ती कुत्र्याला तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी द्यावयाची असते, आणि जनावराच्या नोंदीशेजारी कुत्र्याची एक ओळ लिहिली तर ते कोणाच्या ताब्यात आहे याचा पहिला लेखी पुरावाही तयार होईल. गडी पाडव्याला बदलला तरी शेतमालकाचे नाव त्या ओळीत राहील, आणि निर्बीजीकरणासाठी कुत्री कोणी आणावयाची हे त्यावरून ठरवता येईल. त्या शस्त्रक्रियेविषयी पाळणाऱ्यांच्या मनात असलेल्या शंका, विशेषतः तिच्यानंतर कुत्रे राखण सोडते ही समजूत, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.