विंडोजसाठी पैसे मोजताय? जरा थांबा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्नर-आंबेगावात दादा-ताईचा जुना लॅपटॉप वापरणाऱ्या कितीतरी जणांपुढे आता एकच प्रश्न आहे: नवीन विंडोज विकत घ्यायचं का?

आधी हे बघा. विंडोज १० ओरिजिनल असेल, तर ११ वर जायला पैसे पडत नाहीत. अट आहे ती मशीनची: टीपीएम २.० चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर. ते नसेल, तर पैसे देऊन की घेतली म्हणून चिप काही उगवत नाही!

अशा मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या, की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सिक्युरिटी अपडेट फुकटात मिळतात. पुढे लिनक्स आहेच. आपल्या खोडदच्या जीएमआरटीत ४५ मीटरच्या ३० डिशेसचा डेटा लिनक्सवर प्रोसेस होतो, मग आपली असाइनमेंट काय चीज! फक्त टॅली, ऑटोकॅड लागणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

खर्च करायचाच असेल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. लॅपटॉप चालू करताच फरक कळेल.