पहाऱ्यावरचा पहारा

फायरवॉलच्या नियमावलीत कोणास प्रवेश द्यावा व कोणास वेशीवरच अडवावे, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. परंतु ज्या एकाच यंत्रातून कचेरीची सारी वाहतूक जाते तेच बंद पडले, तर ती नियमावली कितीही चोख असली तरी कारभार ठप्प होतो, आणि म्हणून त्याच्या शेजारी दुसरे यंत्र राखीव ठेवण्याची तजवीज करणे प्राप्त होते.

या तजविजीचा व्हीआरआरपी हा शिरस्ता १९९८ साली प्रथम प्रमाणबद्ध झाला. दोन्ही यंत्रांत एक आयपी पत्ता सामाईक असतो. मुख्य यंत्र दर सेकंदास आपण हयात असल्याची वर्दी देते, आणि अशा तीन वर्द्यांचा काळ व त्यावर अग्रक्रमानुसार ठरणारा अल्प अवकाश निःशब्द गेला, म्हणजे अग्रक्रम १०० असल्यास एकूण सुमारे ३.६ सेकंद लोटले, की राखीव यंत्र तो पत्ता आपल्या ताब्यात घेते. व्हीआरआरपीबाबत सिस्कोच्या पेटंटचा वाद नको म्हणून ओपनबीएसडी या संगणकप्रणालीच्या मंडळींनी २००४ साली स्वतःचे ‘कार्प’ काढले, व अधिकृत प्रोटोकॉल क्रमांक पदरात पडेना तेव्हा व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक बेलाशक वापरला. त्यामुळे एकाच जाळ्यावर दोन्ही नांदवायचे तर त्यांचे गटक्रमांक निराळे ठेवावे लागतात.

पत्ता हाती आला तरी चालू जोडण्यांची नोंद राखीव यंत्राकडे नसेल, तर त्या तुटतात. ही नोंद कार्पच्या जोडीचा ‘पीएफसिंक’ हा शिरस्ता क्षणोक्षणी पोहोचवीत असतो. मात्र ती देणारा खरा की तोतया याची शहानिशा तो करीत नाही, म्हणून दोन यंत्रांमध्ये त्यासाठी स्वतंत्र केबल टाकणे इष्ट.

आता खरी मेख. वर्दी येते याचा अर्थ यंत्र जिवंत आहे एवढाच; ते काम करीत आहे असा नव्हे. बाहेरची केबल निखळली तर कार्पमध्ये ‘प्रीएम्प्ट’ चालू असल्यास आतली बाजूही पायउतार होते. पण केबल शाबूत असून सेवादात्याकडेच बिघाड असेल, तर वर्दी नित्याप्रमाणे जात राहते व राखीव यंत्र निश्चिंत बसते. पुष्कळ ठिकाणी लगतच्या राउटरला पिंग करून समाधान मानले जाते, ते माझ्या मते निव्वळ आत्मवंचना होय. तपासणी दूरच्या एकाहून अधिक पत्त्यांची असावी, आणि एखादे उत्तर चुकले म्हणून लगेच सत्तांतर होऊ नये. अन्यथा मुखत्यारी दिवसभर इकडून तिकडे फिरत राहते. याउलट, दोन यंत्रांमधील वर्दीचाच मार्ग तुटला तर दोघेही स्वतःस मुख्य समजू लागतात, व तो घोळ निस्तरणे एका यंत्राच्या मृत्यूपेक्षा अवघड.

राखीव यंत्राचीही खबर तितक्याच दक्षतेने घ्यावी, कारण ते निकामी झाले तरी कोणाची तक्रार येत नाही. वाचकांपैकी ज्यांच्याकडे ही जोडी असेल त्यांनी, पूर्वसूचना देऊन व गर्दीची वेळ टाळून, मुख्य यंत्राची वीज एकदा स्वहस्ते तोडावी आणि घड्याळ लावून बसावे.