श्वासाच्या मोजमापातून हृदयाची पारख

हृदयाची कार्यक्षमता मंदावलेल्या रुग्णाचे आप्त कार्यालयात येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा ‘टूडी इको’चा अहवाल असतो आणि त्यातील टक्केवारीची धास्ती मनात असते. ही टक्केवारी महत्त्वाची खरी. परंतु ती विश्रांतीतील हृदयाची असते. तीच टक्केवारी असलेल्या दोघांपैकी एक जण जिना चढून जातो, तर दुसऱ्यास स्नान करतानाही धाप लागते. हा भेद व्यायाम-श्वसन चाचणी दाखवून देते.

या चाचणीत रुग्णास स्थिर सायकलवर बसवून नाकातोंडावर मुखवटा लावतात आणि पायडलवरील भार हळूहळू वाढवतात. श्वासागणिक किती प्राणवायू घेतला व किती कार्बन डायऑक्साइड सोडला, याची नोंद होते. ईसीजी व रक्तदाबावर सतत लक्ष असते. व्यायाम साधारण ८ ते १२ मिनिटांचा असतो.

१९९१ साली अमेरिकेतील डॉ. डोना मॅन्सिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयप्रत्यारोपणासाठी तपासलेल्या ११४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर किलो वजनामागे मिनिटाला १४ मिलिलिटरहून अधिक प्राणवायू वापरू शकणाऱ्यांचे प्रत्यारोपण लांबणीवर टाकले, तरी त्यांच्यापैकी ९४ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. पुढे औषधे सुधारली. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णांसाठी २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा १२ धरली आहे.

आकडा कमी आला म्हणजे आशा संपली, असे नव्हे. रक्तक्षय, फुप्फुसाचा विकार किंवा गुडघेदुखी यांमुळेही तो घटतो. म्हणून निर्णय एका आकड्यावर होत नाही. डॉक्टर सर्व बाबींचा साकल्याने विचार करतात. मात्र कोणास औषधांवर निर्धास्तपणे थांबता येईल आणि कोणास विनाविलंब प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे, हे ठरविण्यास या चाचणीचे मोठे साहाय्य होते. दान केलेली हृदये थोडी आणि उपचाराचा खर्च मोठा असताना हा निवाडा कुटुंबाच्या दृष्टीने जीवनमरणाचा ठरतो.

दात्यांना एक नम्र विनंती. यंत्र एकदाच घ्यावे लागते. परंतु त्याचे नियमित प्रमाणीकरण, तपासणीचे वायू आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचा खर्च अखंड चालतो. यंत्राइतकेच या आवर्ती खर्चालाही आपले साहाय्य लाभावे. तरच गरजू रुग्णाची चाचणी पैशांअभावी राहणार नाही.